खिळेकाकांनी कापलेली ओळ

खिळेकाकांचं खरं नाव चर्चच्या मंडळीच्या नोंदवहीत होतं, पण ते उघडून बघायची वेळ कोणावर येत नसे. छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात काढली. त्यातली निम्मी शिशाचे खिळे जुळवण्यात गेली. एकेक अक्षर चिमटीत धरायचं, उलटं वाचायचं आणि ओळ भरायची. म्हणून खिळेकाका. छापखान्यात संगणक आला तेव्हा बरोबरीचे चौघे घरी बसले. काका बसले नाहीत. ‘शिसं गेलं तर जाऊ दे, अक्षरं तर तीच आहेत ना,’ असं म्हणत ते ऐन चाळिशीत माऊस धरायला शिकले. पुढं छापखानाच मिटला, मालकानं यंत्रं भंगारात घातली. तेव्हा मात्र काका घरी आले आणि जागा बदललेल्या मांजरासारखे कितीतरी दिवस भिंतीभिंतीनं हिंडत राहिले.

घर दोन खोल्यांचं. त्यात ते आणि त्यांची मुलगी. मुलीचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. दोन्हीची चर्चा मंडळीनं पोटभर करून घेतली होती. आता ती चर्चच्या ऑफिसात होती. बाप्तिस्म्याचे दाखले, दफनभूमीच्या नोंदी, रविवारचं पत्रक, आलेले फोन, आणि पाळकसाहेब जितक्या वेळा चष्मा हरवतील तितक्या वेळा तो शोधणं, हे सगळं तिच्याकडे. लोक तिला ऑफिसताई म्हणत. आठ वर्षं ती ‘तात्पुरती’ होती. यंदा तिला कायम करायचं असं कमिटीत तोंडी ठरलं होतं. तोंडी, म्हणजे सगळ्यांना माहीत आणि कुठंच लिहिलेलं नाही.

काकांचा स्वतःचा मान म्हणाल तर एकच. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, ते वाचत. वीस वर्षं झाली. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते व्यासपीठाशेजारच्या लाकडी मेजापाशी उभे राहिले, की मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबे. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द उलटे वाचलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा ते सरळ आणि मोठ्यानं वाचायला मिळत. त्या दहा मिनिटांवर त्यांचा आठवडा उभा असे.

वेबसाइटचं खूळ चिटणिसांनी काढलं. चिटणीस म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटून बारा वर्षं झाली होती, तरी माणसांशी बोलताना त्यांच्या हातातली छडी दिसल्यासारखी वाटे.

“दोन गल्ल्या पलीकडच्या मंडळीची वेबसाइट आहे,” ते कमिटीत म्हणाले. “आपण काय गुहेत राहतो? ऑफिसताई, तू बघ हे.”

ऑफिसताईनं संध्याकाळी घरी येऊन बापाकडे बघितलं. “चर्चची वेबसाइट करायचीय, बाबा,” ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चमक आली होती.

आता छापखान्याची एक रीत सांगितली पाहिजे. तिथं गिऱ्हाईक कधी रिकाम्या हातानं येत नाही. येताना खिशातून दुसऱ्याची पत्रिका, दुसऱ्याचं हॅंडबिल काढतं आणि म्हणतं, अगदी अश्शीच पाहिजे. मग खिळे जुळवणारा कंपोझिटर तो नमुना समोर टाचतो, तीच चौकट, तीच मांडणी जुळवतो, मजकूर तेवढा बदलतो. आणि नमुन्याच्या तळाशी बारीक अक्षरात दुसऱ्या छापखान्याचं नाव असतं ती ओळ उडवतो. याला चोरी कोणी म्हणत नसे. याला नमुन्याबरहुकूम काम म्हणत.

काकांनी तीन आठवडे नमुना शोधला. शेकडो चर्चची पानं बघितली. कुठं कबुतरं उडत होती, कुठं आपोआप गाणं सुरू होत होतं, एका ठिकाणी तर पाळकाचाच फोटो दरवाजाएवढा. आणि मग एक पान उघडलं. कुठल्या तरी लांबच्या, लहानशा मंडळीचं. पांढरं स्वच्छ पान, दोन्ही बाजूंना सढळ समास, अक्षरांना श्वास घ्यायला जागा. वर एकच चित्र: मिटलेल्या पुस्तकावर ठेवलेले एका म्हातारीचे हात. शिरा वर आलेल्या, उजवी करंगळी आत वळलेली. ते पान बघून काकांना जे झालं ते कारागिराला दुसऱ्या कारागिराचं काम बघून होतं. आधी मान डोलली, मग पोटात थोडं दुखलं, मग हात शिवशिवले.

पानाच्या पोटातला सगळा कोड उघडून बघता येतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो उघडला, आणि जुळवलेला फर्मा एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकवावा तसा सगळाच्या सगळा उचलला. त्यांचा मजकूर काढला, आपला भरला. हातांचं चित्र तसंच ठेवलं. खाली ओळ घातली, ‘आमच्या मंडळीतल्या ज्येष्ठ भगिनी’. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, की ही मांडणी आणि चित्रं परवानगीशिवाय वापरू नयेत, विचारायचं असेल तर या पत्त्यावर लिहा. सवयीनं काकांचा हात तिथं गेला. आणि थांबला.

थांबला, कारण त्यांना गव्हाच्या ओंब्या आठवल्या. तरुणपणी त्यांनी आपल्या मंडळीच्या गीतपुस्तकासाठी लाकडात एक चौकट कोरली होती. चारी बाजूंनी ओंब्या. कुसं सुद्धा सुटी दिसत. त्यासाठी सुट्टीचे अकरा दिवस घातले होते. वर्षाच्या आत तीच चौकट एका किराणा दुकानाच्या जाहिरातीभोवती दिसली. काका तडक त्या दुसऱ्या छापखान्यात गेले. तिथला मालक हसला. “अहो, चार ओंब्या आहेत. गहू काय तुम्ही निर्माण केलात?” काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्याही दिवशी नाहीत.

हे सगळं आठवूनसुद्धा हात पुढं गेला. विचारायला एक पत्र पुरलं असतं. पण समोरच्यानं नाही म्हटलं तर? त्या ‘तर’ला भिऊन काकांनी ओळ कापली. कोडात आत आणखी एक ओळ होती, पडद्यावर कधी न दिसणारी, करणाऱ्यानं स्वतःपुरती लिहून ठेवलेली. तीही त्यांनी वाचली. तीही कापली. तिच्यात काय होतं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

वेबसाइट सुरू झाली त्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून ऑफिसताईचे आभार मानले. ती उभी राहिली. “मी काही नाही केलं, सगळं बाबांनी केलंय,” ती म्हणाली. सगळी मंडळी हसली. मुलीनं बापाला असा मान द्यावा याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. चिटणीस टाळी वाजवत म्हणाले, “काका, आता आम्हांलाही शिकवा हं कॉम्प्युटर!” पुन्हा हशा. काकांना ते लागलं. पण ते हसून बसले. राहू दे, म्हणाले मनात.

चार महिन्यांनी पत्र आलं. लांबच्या त्या मंडळीतल्या एका बाईचं. वेबसाइट तिनं बनवलेली. ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि चिटणिसांनी फोडलं. पत्र लहान होतं. तिनं लिहिलं होतं: ‘ते हात माझ्या आईचे आहेत. तिच्या आजारपणात, अंथरुणाशी बसून मी तो फोटो काढला. ती गेल्या वर्षी गेली. तुमच्या मंडळीत तिनं पाऊल ठेवलेलं नाही. तुम्ही तिला तुमची ज्येष्ठ भगिनी केलंत आणि माझी तळाची ओळ खोडलीत. पान ताबडतोब उतरवा. आणि हे ज्यानं केलं त्यानं मला स्वतः लिहावं. नाही तर मी वरच्या धर्ममंडळाकडे जाईन.’

कमिटी त्याच दुपारी बसली. तिथं काय झालं ते काकांना नंतर चर्चच्या घंटेवाल्याकडून कळलं, तो दाराशी झाडत होता. ऑफिसताईच्या टेबलामागं दहा आज्ञांचा तक्ता टांगलेला आहे. तो छापलाही काकांनीच होता. चिटणिसांनी त्यातल्या ‘चोरी करू नको’कडे बोट केलं. “तुझ्या बापानं छापलेला तक्ता आहे हा. आणि तू त्याच्याखाली बसून हे उद्योग करतेस?”

“मग ताई काय म्हणाली?” काकांनी विचारलं.

“काही नाही,” घंटेवाला म्हणाला. “टेबलावरची कागदं सरळ करत बसली. ती सरळच होती.”

त्या दिवशी ती घरी आली, पायरीवर चपला काढल्या आणि एवढंच म्हणाली, “बाबा, ते पान उतरवा.”

“कोण म्हणालं?”

“पत्र आलंय. ज्यांचं पान होतं, त्यांचं.”

 ‘तुला काय म्हणाले?’ हा प्रश्न जिभेवर आला होता, तो काकांनी गिळला. विचारला असता तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर सदरा घालून कबुली द्यायला जावं लागलं असतं. ते मशीनपाशी बसले आणि पान उतरवलं. नुसतं उतरवलं नाही. कोड, प्रती, जमवलेले नमुने, सगळं पुसलं. छापखान्यात काम संपलं की खिळे सोडून खणांत परत टाकतात, मागं काही उरत नाही, तसं.

मग नऊ दिवस ते गप्प राहिले. वादळ आहे, बसेल खाली, असं स्वतःला सांगत. मधल्या रविवारी त्यांनी शास्त्रपाठही वाचला. आवाज जरा बसला होता. लोकांना वाटलं, सर्दी आहे. ताई नेहमीच्या बाकावर होती. तिनं मान वर केली नाही.

दहाव्या दिवशी तिच्या हातात कमिटीचा कागद पडला. ‘आपली सेवा यापुढे आवश्यक नाही.’ आठ वर्षांत तिच्याबद्दल लेखी असं पहिल्यांदाच काही झालं होतं.

काकांनी सदरा घातला. रविवारचा. चर्चच्या ऑफिसात पाळकसाहेब आणि चिटणीस दोघंही होते. ताईच्या खुर्चीवर फायलींचा ढीग ठेवलेला.

“ते मी केलंय,” काका उभ्या उभ्या म्हणाले. “तिनं बोट लावलेलं नाही.”

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. भला माणूस, भल्या माणसाला अशा वेळी चष्मा पुसायला बरा पडतो. “बसा काका. पाणी घ्या.”

“पाणी नको. माझं ऐका. मी नमुना म्हणून ते उचललं. ओळ मी कापली.”

“काका,” चिटणीस आवाज मऊ करून म्हणाले, आणि तो मऊपणा छडीहून जास्त लागला, “बापाचं काळीज आहे, समजतं आम्हांला. पण तुमच्या डोळ्यांचं एक ऑपरेशन राहिलंय. तुम्ही वेबसाइट केलीत?”

“केली.”

“बरं. हे घ्या मशीन. दाखवा काहीतरी करून.”

मशीन नवीन होतं. ऑफिसचे सगळे पासवर्ड ताई गेल्याबरोबर बदलले होते. काकांनी माऊस धरला. माऊसची खूण एका जागी ठरेना. ते दोनदा चुकले. तिसऱ्यांदा समोर काय उघडलं ते त्यांनाच कळेना.

“घरच्या मशीनवर असेल की मग,” पाळकसाहेब त्यांची सोडवणूक करायला म्हणाले. “ते आणा.”

“पुसलं.”

“काय पुसलं?”

“सगळंच. पत्र आलं त्या दिवशी.”

चिटणिसांनी हात जोडले. “म्हणजे तुम्हीच केलं, तुम्हीच पुसलं आणि पोरीला पत्ताच नाही. अहो काका, सगळ्यांसमोर उठून तुमचं नाव तिनंच घेतलं होतं. तेव्हा का नाही हो म्हणालात? तेव्हा तर हसलात तुम्ही.”

 काकांनी ‘लाजलो’ म्हणावं, तर ते खोटं होतं. ‘कोणी विश्वास ठेवणार नाही असं वाटलं’ म्हणावं, तर ते आत्ताही तसंच होतं.

घरी येऊन त्यांनी त्या बाईला पत्र लिहिलं. हातानं. छापायचं मन झालं नाही. नमुन्याची रीत लिहिली, पण तिच्याआड लपले नाहीत. ओंब्यांची चौकटही लिहिली, म्हणजे आपल्याला कळत होतं हे तिला कळावं. आणि शेवटी ते लिहिलं जे कोणाला सांगितलं नव्हतं. ‘तुमच्या कोडात चित्राच्या जरा वर एक ओळ होती. पडद्यावर ती दिसत नाही. आई, तू शिवलेल्या सगळ्या कपड्यांसाठी, अशी ती ओळ होती. ती मी वाचली होती. म्हणजे हे कोणाच्या तरी आईचे हात आहेत हे मला माहीत होतं. तरी मी ती कापली. माझ्या मुलीचा यात संबंध नाही, पण माझं इथं कोणी ऐकत नाही.’

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात ताई पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात जाऊ लागली होती. आठ तास उभ्यानं खोकी दुमडायची. पुठ्ठ्याच्या कडेनं बोटं कापतात. पहिल्या आठवड्यात तिच्या सात बोटांना पट्ट्या होत्या आणि ती म्हणाली, “दाखले लिहिताना कधी बोट कापलं नाही, नाही का बाबा?” ती हसायला म्हणून म्हणाली असावी. 

बाईचं उत्तर पाच ओळींचं होतं. ‘ती ओळ माझ्याशिवाय कोणाला माहीत असणं शक्य नाही. जो आत शिरला त्यानंच वाचली असणार. तुम्हीच केलंत यावर माझा विश्वास आहे. मी वरच्या धर्ममंडळाकडे जाणार नाही. माफ केलं असं मात्र लिहिता येत नाही, ते खोटं होईल.’

ते पत्र घेऊन काका जवळजवळ पळतच गेले. पाळकसाहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा पडला. यावेळी त्यांना पटलं होतं, हे काकांना स्पष्ट दिसलं.

“म्हणजे खरंच तुम्ही,” ते म्हणाले.

“मी तेच सांगत होतो.”

पाळकसाहेबांनी पत्राची घडी घातली. “काका, त्या जागेवर नवीन बाई घेतल्या. चिटणिसांच्या नात्यातल्या आहेत. आणि बाहेरच्यांची तक्रारही मिटली आता. पुन्हा उकरायचं, म्हणजे कमिटीनं चूक केली असं मंडळीसमोर म्हणायचं.”

“मग म्हणा.”

“थोडं थांबू. शांत होऊ दे सगळं.”

काकांनी हात पुढं केला आणि पत्र परत घेतलं. थांबणं म्हणजे काय असतं ते त्यांना आता कोणी शिकवायची गरज नव्हती.

रविवारी ते मेजापाशी उभे राहिले. मागची कुजबुज थांबली. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. खिशातून पत्र काढलं.

“आज पाठाऐवजी हे वाचतो,” ते म्हणाले. “चोरी मी केली. माझ्या मुलीनं नाही. दुसऱ्याच्या आईचे हात मी इथं आणून लावले आणि—”

इतकंच झालं. पहिल्या बाकावरून चिटणीस उठले, पाळकसाहेबही आले. दोघांनी दोन्हीकडून कोपर धरलं, अगदी हळुवार, आजाऱ्याला धरावं तसं. “काकांना बरं वाटत नाहीये,” पाळकसाहेब मंडळीला म्हणाले, आणि पेटीवाल्याकडे बघून मान हलवली. पेटी सुरू झाली. लोक गायला उभे राहिले. कोणीतरी पाण्याचा पेला आणला. एक म्हातारी डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, “पोरीच्या काळजीनं डोक्यावर परिणाम झाला गं बिचाऱ्याच्या.”

पाठ दुसऱ्या कोणी तरी वाचला. पुढच्या रविवारी काकांना निरोप आला, तब्येत जपा, वाचायचं आम्ही बघू. ज्या मेजासाठी ते नऊ दिवस गप्प बसले होते, ते मेज गेलं. चोर म्हणून गेलं असतं तर निदान ताई सुटली असती. म्हातारा म्हणून गेलं.

काकांनी पत्र काढलं त्या रविवारी ताई उपासनेला गेलीच नव्हती. कारखान्यात तिची रविवारची पाळी होती. परतली तेव्हा काका स्वयंपाकाच्या खोलीत पाटावर बसले होते, सदरा अजून अंगावर.

“घंटेवाला भेटला वाटेत,” ती म्हणाली. “सांगितलं त्यानं.”

“कोणाला खरं वाटलं नाही, पोरी.”

“हो. तेही सांगितलं.”

तिनं माठातलं पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायली. मग पेला पालथा घालून म्हणाली, “बाबा, तुम्हीच केलंय हे तर मला ठाऊकच होतं. मीच तुम्हांला काम आणून दिलं होतं. कमिटीत मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, त्यांचं ते सांगतील. मी नऊ दिवस रोज संध्याकाळी दारातून आत येताना बघायचे, आज सदरा खुंटीवर आहे की नाही.”

काकांचा हात सदऱ्याच्या खिशातल्या पत्रावर गेला.

“तेव्हा बोलला असतात ना,” ती म्हणाली, “तर पानही होतं, कोडही होता. सगळं दाखवता आलं असतं.”

तिनं हात पुढं केला. काकांनी तिला पत्र दिलं. पट्टी लावलेल्या बोटांत धरून तिनं ते वाचलं. सावकाश, ऑफिसात आलेला कागद वाचायची तशी, वरच्या पत्त्यापासून खालच्या सहीपर्यंत. मग होती तशीच घडी घातली आणि बापाच्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवली.

“खरं काय ते हिनं तरी लिहून दिलं,” ती म्हणाली, आणि उद्याच्या डब्यासाठी कणीक काढायला वळली.